विश्लेषण : समलैंगिक पुरुषांत ‘सुरक्षित संबंधां’ची सवय का सुटते? सावनेरसारख्या गावात ती टिकवायची कशी?

एचआयव्ही टाळायचा तर कंडोम वापरा, हे एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाइलवरच्या जाहिरातीपर्यंत सगळीकडे वाचून झाले आहे. तरीही देशातील समलैंगिक आणि उभयलैंगिक पुरुषांत एचआयव्हीचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे १५ पट आहे. एकदा काळजी घेणे सोपे असते. ती पाच-दहा वर्षे, प्रत्येक नात्यात, प्रत्येक वेळी घेणे कठीण जाते. त्यातही गाव लहान असेल, औषध दुकानदार वडिलांच्या ओळखीचा असेल आणि तपासणी करणारी व्यक्ती नात्यातली निघण्याची भीती असेल, तर हे काम आणखी अवघड होते. नागपूरपासून जेमतेम ४० किलोमीटरवरचे सावनेर हे अशा असंख्य गावांपैकी एक. तिथल्या तरुणाला आज कोणते उपाय उपलब्ध आहेत आणि ते टिकवायचे कसे, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात?

राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २४ लाख एचआयव्हीबाधित होते आणि प्रौढांमधील प्रमाण ०.२१ टक्के होते. त्यातील सर्वाधिक, म्हणजे सुमारे ३.९४ लाख बाधित महाराष्ट्रात होते. त्याच वर्षीच्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमधील प्रमाण ३.२६ टक्के आढळले. आरोग्य कार्यक्रमांत या गटाला ‘एमएसएम’ म्हणतात. स्वतःला ‘गे’ न म्हणणारे, लग्न झालेले किंवा ‘ही नुसती मस्ती’ असे मानणारे अनेक पुरुषही त्यात येतात, म्हणून हा शब्द वापरला जातो.

हे प्रमाण जास्त असण्यामागे एक कारण शरीररचनेचे आहे. गुदद्वाराच्या आतील अस्तर नाजूक असते, त्याला बारीक इजा लवकर होते आणि विषाणूला तिथून शिरणे सोपे जाते. बाधित आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी कोणत्याही संरक्षणाविना संबंध आला, तर गुदमैथुनात स्वीकारणाऱ्या जोडीदाराला लागण होण्याची सरासरी शक्यता दर १० हजार वेळांमागे १३८ इतकी धरली जाते. प्रवेश करणाऱ्यासाठी हा आकडा ११ आहे. स्त्री-पुरुष योनीसंबंधात स्त्रीसाठी तो ८ आहे. म्हणजे स्त्री-पुरुष संबंधांत एखाद्या वेळची चूक जितक्यात निभावते, तितक्यात ती इथे निभावेलच असे नाही. आपल्याकडे ‘कोती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडीदाराचा धोका सर्वात जास्त असतो. पण कंडोमचा निर्णय बहुधा समोरच्या ‘पंथी’च्या हातात असतो, ही यातली दुसरी अडचण.

‘सेफर सेक्स’ ही कल्पना आली कुठून?

ती सरकारी कचेरीतून आलेली नाही. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मायकेल कॅलन आणि रिचर्ड बर्कोविट्झ या दोन समलैंगिक तरुणांनी डॉ. जोसेफ सोनाबेंड यांच्या मार्गदर्शनाखाली एक पुस्तिका काढली. तेव्हा एचआयव्ही हे नावही रूढ झाले नव्हते. संबंध बंद करा असे सांगण्याऐवजी त्यांनी कोणत्या कृतीत किती धोका आहे आणि तो कमी कसा करायचा, हे लिहिले. ‘सेफ’ऐवजी पुढे ‘सेफर’ हा शब्द रुळला, कारण धोका शून्य करण्यापेक्षा सतत कमी ठेवणे हे माणसाला जमणारे काम आहे.

भारतात १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या चमूने एचआयव्हीची पहिली नोंद केली. पुरुष-पुरुष संबंधांवर उघडपणे काम करणाऱ्या संस्था त्यानंतर काही वर्षांनी उभ्या राहिल्या. मुंबईत अशोक राव कवी यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू केला. विदर्भात नागपूरच्या सारथी ट्रस्टने हे काम हाती घेतले. समाजातलाच माणूस समाजातल्या माणसाशी बोलतो, कंडोम देतो आणि तपासणीला सोबत नेतो, ही या सर्व संस्थांची पद्धत राहिली आहे.

मग सवय सुटते कुठे?

बहुतेकदा अनोळखी माणसाबरोबर नव्हे, ओळखीच्या माणसाबरोबर. पहिल्या दोन-तीन भेटींत कंडोम असतो. नाते जुळले, मन गुंतले की तो बाजूला पडतो. अशा वेळी कंडोमचा विषय काढणे म्हणजे ‘तुझ्यावर विश्वास नाही’ असे म्हणण्यासारखे वाटते. प्रत्यक्षात विश्वास आणि रक्ताचा अहवाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडीदार मनाने प्रामाणिक असूनही दोन वर्षांपूर्वीच्या संबंधातून त्याला लागण झालेली असू शकते आणि त्याची त्याला कल्पनाही नसते. एचआयव्हीची लक्षणे अनेक वर्षे दिसत नाहीत.

दुसरे कारण दारू. ठरवलेले सगळे अशा रात्री विसरले जाते. तिसरे कारण जागा आणि वेळ. लहान गावात एकांत मिळतो तो अर्ध्या तासाचा, शेतातल्या खोलीत किंवा मित्राच्या रिकाम्या घरी. घाईत कंडोम शोधायला कोण जाणार? चौथे कारण ‘दिसण्यावरून’ अंदाज बांधणे. समोरचा तब्येतीने चांगला, सुशिक्षित किंवा विवाहित आहे, म्हणून तो ‘स्वच्छ’ असणार असे गृहीत धरले जाते.

आणि पाचवे कारण थकवा. आयुष्यभर भीतीच्या जोरावर शिस्त पाळता येत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या अखेरीसच संशोधकांच्या हे लक्षात आले होते, की सुरुवातीला काटेकोर राहिलेले पुरुष काही वर्षांनी ढिले पडतात. म्हणून आज भर एकाच उपायावर नसतो. हाताशी तीन-चार उपाय असावेत, एक सुटला तर दुसरा सांभाळून घेईल, असा विचार केला जातो.

कंडोम वापरूनही फाटतो, तो का?

याचे उत्तर बहुतेकदा तेलाच्या बाटलीत सापडते. गुदद्वारात नैसर्गिक ओलावा नसतो, म्हणून घरात हाताशी असलेले खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा कोल्ड क्रीम वापरले जाते. नेहमीचे कंडोम लेटेक्सचे असतात आणि तेलकट पदार्थाने लेटेक्स काही मिनिटांतच कमकुवत होते. थुंकी लवकर वाळते, तिचा उपयोग होत नाही. पाण्यात विरघळणारे किंवा सिलिकॉनचे ल्युब्रिकंट जेल हाच योग्य पर्याय आहे. ते औषध दुकानात आणि ऑनलाइन मिळते. एमएसएम गटासाठी काम करणाऱ्या सरकारी प्रकल्पांत कंडोमबरोबर जेलही दिले जाते, ते याच कारणाने.

आणखी काही साध्या गोष्टी आहेत. एकावर एक दोन कंडोम घालू नयेत, घर्षणाने दोन्ही फाटतात. पाकीट दातांनी उघडू नये. टोकाशी थोडी जागा सोडावी आणि हवा काढून टाकावी. वापरण्याची अंतिम तारीख पाहावी. विदर्भातील वाचकांसाठी एक विशेष सूचना : मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना गाडीच्या डिकीत किंवा मागच्या खिशातल्या पाकिटात महिनाभर राहिलेल्या कंडोमवर भरवसा ठेवू नये. उष्णतेने आणि दाबाने लेटेक्स खराब होते. घरात थंड, कोरड्या जागी ठेवून लागेल तेवढाच सोबत घ्यावा.

कंडोमखेरीज दुसरा उपाय कोणता?

‘प्रेप’ ही गोळी. एचआयव्ही नसलेल्या व्यक्तीने लागण होऊ नये म्हणून ती आधीपासून घ्यायची असते. तिच्यात टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधे असतात. अमेरिकेत या वापराला २०१२ मध्ये मान्यता मिळाली आणि नॅकोने २०२२ मध्ये भारतासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. रोज न चुकता घेतल्यास संबंधांतून एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे ९९ टक्क्यांनी कमी होतो. रोजच्या पद्धतीत गुदमैथुनासाठी पूर्ण संरक्षण तयार होण्यास सुमारे आठवडा लागतो.

ज्यांचे संबंध महिन्यातून एखाद्या वेळीच येतात, अशा पुरुषांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दुसरी पद्धत मान्य केली. संबंधापूर्वी २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, पहिल्या डोसनंतर २४ तासांनी एक आणि ४८ तासांनी आणखी एक. शनिवार-रविवारीच नागपूरला जाणाऱ्या तरुणाला ही पद्धत सोयीची ठरू शकते. मात्र हेपटायटिस बी असलेल्यांना ती चालत नाही.

प्रेप स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही. आधी एचआयव्ही नसल्याची खात्री, हेपटायटिस बीची तपासणी आणि मूत्रपिंडाचे काम पाहणारी क्रिएटिनिन चाचणी लागते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्ही चाचणी करावी लागते. शरीरात विषाणू असताना प्रेप घेत राहिल्यास तो औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. कंडोमप्रमाणे प्रेप प्रत्येक सरकारी केंद्रात मिळत नाही. बहुतेकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ती विकत घ्यावी लागते. तालुक्याच्या गावात तिच्याविषयी माहिती असलेला डॉक्टर सापडणे अवघड असते, त्यामुळे नागपूरची फेरी किंवा ऑनलाइन सल्ला हा मार्ग उरतो.

जोडीदार एचआयव्हीबाधित असेल तर?

गेल्या दशकात सर्वात मोठा बदल इथे झाला आहे. बाधित व्यक्तीने एआरटी औषधे नियमित घेतली आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण मोजता न येण्याइतके खाली राहिले, तर तिच्याकडून लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. युरोपात १४ देशांत झालेल्या ‘पार्टनर २’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एक जोडीदार बाधित आणि दुसरा नसलेली सुमारे ७८० समलैंगिक जोडपी त्यात होती. कंडोमविना झालेले ७६ हजारांहून अधिक संबंध नोंदवले गेले आणि बाधित जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. यालाच ‘यू इक्वल्स यू’ म्हणतात : विषाणू मोजता येत नाही, म्हणजे तो पसरत नाही.

भारतात एआरटी १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत आहे. २०१७ पासून निदान होताच औषधे सुरू केली जातात. साधारणपणे सहा महिन्यांत विषाणू मोजण्याखाली येतो, पण ते ‘व्हायरल लोड’ चाचणीनेच सिद्ध होते. तोपर्यंत आणि औषधात खंड पडल्यास कंडोम हवाच. याचा अर्थ असा, की उपचार घेणारा बाधित जोडीदार हा कधीच तपासणी न केलेल्या ‘निरोगी’ माणसापेक्षा अधिक सुरक्षित असतो.

एचआयव्ही टळला म्हणजे सगळे टळले?

नाही. सिफिलीस, गनोरिया आणि क्लॅमिडिया यांवर प्रेपचा काहीही परिणाम होत नाही. एआरटीने येणारे संरक्षणही फक्त एचआयव्हीपुरते आहे. मुखमैथुनात एचआयव्हीचा धोका फारच कमी असतो. सिफिलीस आणि गनोरिया मात्र त्यातूनही होतात. सिफिलीसची पहिली जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. त्यामुळे ‘बरे झाले’ असे वाटते, प्रत्यक्षात आजार रक्तात राहतो. योग्य वेळी निदान झाले तर पेनिसिलिनचे इंजेक्शन पुरते. घशातील किंवा गुदद्वारातील संसर्गाला अनेकदा लक्षणेच नसतात. म्हणून डॉक्टरांना फक्त ‘जळजळ होते’ असे न सांगता संबंध कशा प्रकारचा होता हे सांगावे लागते. अन्यथा तपासणी चुकीच्या जागेची होते.

हेपटायटिस बीची लस स्वस्त आणि प्रभावी आहे. लहानपणी घेतली नसेल तर प्रौढ वयात तीन डोसांत घेता येते. एचपीव्हीच्या लसीबाबतही डॉक्टरांना विचारावे. हा विषाणू गुदद्वाराच्या कर्करोगाचे प्रमुख कारण आहे.

सावनेरहून तपासणीला जायचे कुठे?

सरकारी व्यवस्थेत ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणीची सोय ‘आयसीटीसी’ केंद्रांतून असते. चाचणी मोफत असते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो आणि अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. पहिल्या चाचणीत दोष आढळल्यास वेगवेगळ्या किटने खात्री केल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ म्हटले जात नाही. गुप्तरोगांसाठी मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. एआरटी केंद्र नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे ‘मेडिकल’ला आहे.

प्रश्न असतो ओळखीचा. सावनेर, खापा, केळवद, खापरखेडा या पट्ट्यात एकमेकांना न ओळखणारे लोक कमी. केंद्राच्या बाकावर बसलेले कोणी पाहिले तर संध्याकाळपर्यंत घरी बातमी पोहोचेल, ही भीती खरी आहे. यावर नियम साधा आहे : तपासणी आपल्याच तालुक्यात करावी असे बंधन नाही. नागपूरला कोणत्याही आयसीटीसीत जाता येते. पण त्यात अर्ध्या दिवसाची मजुरी आणि बसभाडे जाते, आणि तपासणी पुढे ढकलण्याचे तेच निमित्त होते. म्हणून तारीख आधीच ठरवून ठेवणे उपयोगी पडते. जोडीदार बदलत असतील तर दर तीन महिन्यांनी आणि एरवी निदान सहा महिन्यांनी, एचआयव्ही आणि सिफिलीस दोन्ही. पोळा आणि होळी असे दोन सण धरून ठेवले तरी वर्षाचा हिशेब लागतो.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. लागण झाल्यावर लगेच चाचणी केल्यास ती निगेटिव्ह येऊ शकते. शंकास्पद संबंधानंतर तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करावी. फोनवर बोलायचे असल्यास नॅकोची १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे. तिथे मराठीत बोलता येते आणि नाव सांगावे लागत नाही.

कंडोम फाटला किंवा राहूनच गेला, तर?

घड्याळ बघा. ‘पेप’ ही औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले. ‘सोमवारी बघू’ म्हणण्याइतका वेळ नसतो. शनिवारी रात्री प्रसंग घडला असेल तर रविवारीच मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन स्पष्ट विचारावे. साबणाने किंवा जंतुनाशकाने आतून धुऊ नये, त्याने इजा वाढते. पेपची गरज वारंवार पडत असेल तर तो प्रेपबद्दल बोलण्याचा इशारा समजावा.

भेटी आता फोनवर ठरतात. त्याने काय बदलले?

पूर्वी संस्थांचे कार्यकर्ते बाग, स्टँड, रेल्वे स्थानक अशा ठरलेल्या ठिकाणी जाऊन पुरुषांना भेटत. आता ओळख अॅपवर होते आणि भेट एखाद्या खोलीत. सावनेरच्या तरुणाला कामठीचा किंवा छिंदवाड्याचा जोडीदार मिनिटभरात सापडतो, पण कार्यकर्त्याला तो दिसत नाही. अशा कार्यक्रमाबाहेर राहिलेल्या लोकांसाठीच नॅकोने ‘संपूर्ण सुरक्षा केंद्रे’ सुरू केली आहेत.

अॅपचा एक फायदाही आहे. समोरासमोर जे विचारायला जीभ रेटत नाही, ते आधी लिहून विचारता येते : शेवटची चाचणी कधी केली, कंडोम आणशील का, प्रेप घेतोस का. भेटीपूर्वी ठरलेली गोष्ट अंधारात मोडणे कठीण जाते. उलट बाजूला फोटोंवरून पैसे उकळण्याचे प्रकारही घडतात. चेहरा आणि शरीर एकाच फोटोत पाठवू नये. पहिली भेट सार्वजनिक ठिकाणी घ्यावी. धमकी आल्यास पैसे न देता १९३० या सायबर क्रमांकावर किंवा ११२ वर तक्रार करावी.

लग्न झालेल्या पुरुषांचे काय?

हा या विषयातील सर्वात अबोल भाग आहे. घरच्यांच्या दबावाखाली लग्न करून पुरुषांशी संबंध चालू ठेवणारे बरेच जण आहेत. अशा घरात पत्नीला धोका असतो आणि तिला त्याची माहितीही नसते. गरोदरपणात प्रत्येक स्त्रीची एचआयव्ही आणि सिफिलीस तपासणी केली जाते. त्यामुळे काही घरांत आजार प्रथम कळतो तो तिच्या अहवालातून, आणि दोषही तिच्यावरच येतो. घरी सत्य सांगण्याची हिंमत आज नसेल, तरी बाहेर प्रत्येक वेळी कंडोम, नियमित चाचणी आणि शक्य असल्यास प्रेप, एवढे तरी पत्नीप्रति असलेले कर्तव्य ठरते. समुपदेशकाकडे हा विषय एकट्याने जाऊन बोलता येतो.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

एके काळी कायदाच आड येत होता. जुलै २००१ मध्ये लखनऊत एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना कलम ३७७ चा आधार घेऊन अटक झाली आणि ते दीड महिना तुरुंगात राहिले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात या कलमाला आव्हान दिले. त्या खटल्यात २००६ मध्ये खुद्द नॅकोने प्रतिज्ञापत्र दिले, की या कलमाच्या भीतीने पुरुष लपून राहतात आणि प्रतिबंधाचे काम अडते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

त्यानंतर चारच दिवसांनी, १० सप्टेंबर २०१८ रोजी २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, अहवाल गुप्त ठेवावा लागतो आणि नोकरी, शिक्षण, उपचार किंवा भाड्याचे घर नाकारता येत नाही. तक्रारीसाठी राज्यांनी लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. त्याचबरोबर बाधित व्यक्तीनेही जोडीदाराला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यावी, असे हा कायदा सांगतो. सावनेरच्या केंद्रातील कर्मचाऱ्याने एखाद्याचे नाव चहाच्या टपरीवर सांगितले, तर तो आज केवळ चहाडीचा विषय राहत नाही, तो कायद्याचा भंग ठरतो. हे रुग्णाला जितके ठाऊक असायला हवे, तितकेच केंद्रातल्या प्रत्येक कर्मचाऱ्यालाही. कारण एका फुटलेल्या नावामुळे पुढचे दहा जण तपासणीला येत नाहीत.